वाल्मीक तेजोमेघ

१३ डिसेंबर २००९, रविवार
ऑफिसात हल्ली जो उठतो तो आकाशाचे फोटो काढतो. स्वानंदने तर त्यासाठी कर्ज काढून लेन्स घेतली. मूर्ख! मी जुन्या बाजारातून स्वस्तात रशियन लेन्स आणली. जड, अस्सल. विकणारा म्हणाला, उजेडात धरून नीट बघून घ्या. मला शिकवतो! अडॅप्टर लावून कॅमेऱ्यावर चपखल बसली. ऑफिसच्या नव्या कॅलेंडरचं मुखपृष्ठ माझंच. ठरलं.

१४ डिसेंबर, रात्री
फोटो शून्य. कारण घरमालक गेणबा. गोठ्यावर हॅलोजन लावलाय, अख्ख्या नेरे गावाचं लग्न असल्यासारखा. विझवा म्हटलं तर म्हणतो, म्हैस आज-उद्या व्यायची हाय, अंधारात तुमी बसताय का तिच्यापाशी? डोकंच फिरलं. या माणसाशी बोलणं बंद.

१५ डिसेंबर, सकाळ
बोललो. म्हणजे ओरडलो. दिवा विझवा नाहीतर खोली सोडतो. त्याची बायको तुळजाबाई आतूनच म्हणाली, सोडा की, शेजारच्या जांबे गावची दोन पोरं खोलीसाठी कवाची मागं लागल्यात.
खोली सोडणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१७ डिसेंबर
सापडला!! मृगाच्या शेजारी फिकट, धुरकट पांढरा डाग. नकाशात नाही, नेटवर नाही. कॅमेरा रोहिणीकडे वळवला, तिथेही आहे. उलट दिशेला वळवला, तिथेही. म्हणजे केवढा प्रचंड असेल! नाव अर्थातच माझंच ठेवलं : वाल्मीक तेजोमेघ. आणि हे सगळं त्या हॅलोजनच्या नाकावर टिच्चून.

१८ डिसेंबर, शुक्रवार
स्वानंद म्हणतो, लेन्स एकदा तपासून घे. जळतो मेला. त्याची एवढी महागाची लेन्स, आणि फोटोत नुसते तारे! कॅलेंडरच्या मीटिंगमध्ये माझाच फोटो हवा म्हणून टेबलावर हात आपटला. शोध लावणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात हवं, हेही ठणकावलं. मुखपृष्ठ छपाईला गेलं. रागावल्याशिवाय या देशात काही होत नाही.

२२ डिसेंबर, सकाळ
म्हैस व्याली. तुळजाबाई म्हणाली, रेडकाचा फोटो काढा. भांडण असूनही काढला, मन मोठं आहे माझं. कॅमेऱ्यात बघून म्हणते, ह्याच्या कपाळाला चांद कुठनं आला वो? आमचं रेडकू तर समदं काळं हाय.
गुरांतलं तरी तुम्हाला कळतं का, असं खेकसलो. मग रेडकाकडे पाहिलं. काळंकुट्ट.
गोठ्याच्या भिंतीचा फोटो काढला. भिंतीवर तेजोमेघ. गेणबाचा काढला. टोपीवर तेजोमेघ.

२२ डिसेंबर, रात्री
लेन्स काढून हॅलोजनसमोर धरली. आत पावावर येते तशी पांढरी बुरशी.
स्वानंदचा फोन आला होता. कॅलेंडर छापून आलं, सगळ्या मजल्यांवर वाटलं. नाव सांगितल्याप्रमाणे मोठ्या अक्षरात. माझ्या टेबलासमोर त्याने स्वतः खिळा ठोकून एक टांगलंय.
वर्षभर तिथेच राहणार.