कामिनी गोल करताना

२ फेब्रुवारी
आजपासून मी माळी. बाबांनी अठ्ठावीस वर्षं काढली त्याच ऑफिसच्या बागेत. महिनाभर चाचणी, तोवर बाबा रजेवर. दारातली कामिनीची दोन गोल झुडपं साहेबांच्या पसंतीला उतरली की मी कायम आणि बाबा निवृत्त. त्यांचे गुडघे आता वाकत नाहीत. घरातली पहिली पदवीधर मी, तीही बॉटनीची. काम झाल्यातच जमा.
संकल्प: सगळं शास्त्रशुद्ध.

३ फेब्रुवारी
बाबा कापण्याआधी अर्धा तास नुसते झुडपाकडे बघत बसायचे. तो वेळ वाचवला. मधोमध काठी रोवली, साठ सेंटिमीटरची दोरी बांधली, दोरीबाहेरचं सगळं उडवलं. संध्याकाळी बाबा येऊन बघून गेले. म्हणाले, बरं झालंय, आता पंधरा दिवस हात लावू नकोस.
पंधरा दिवस हातावर हात ठेवून बसायला मी डिग्री घेतलेली नाही.

५ फेब्रुवारी
वॉचमनकाका म्हणाले, ताई, डावीचा गाल सुजलाय. मोजला. तीन सेंटिमीटर. कापला.

६ फेब्रुवारी, सकाळी ८
आता उजवी जाड दिसते. कापली.
दुपारी ४
डावी.

९ फेब्रुवारी
दोघी अगदी सारख्या. दोरी बेचाळीसवर आली आहे. एक शोध: कामिनी बाहेरून कितीही गच्च असली तरी आत नुसत्या काड्या असतात. सदाहरित म्हणजे वरवर सदाहरित, हे पुस्तकाने ठळक अक्षरांत छापायला हवं होतं.

१२ फेब्रुवारी
युरिया दुप्पट दिला. पुस्तकातलं प्रमाण सावकाश वाढणाऱ्यांसाठी असतं. माझ्याकडे सोळा दिवस आहेत.

१५ फेब्रुवारी
पानांच्या कडा तपकिरी. म्हणजे जी उरली आहेत त्यांच्या. हा संक्रमणकाळ. उपाय म्हणून दिवसातून तीनदा पाणी.
आई म्हणाली, ह्यांना घरी बसवते आहेस खरी, पण दिवसभर करायचं काय तेही सांग. सकाळपासून त्यांनी माझी खिडकीतली तुळस चारदा सरळ केली.

१९ फेब्रुवारी
लोक दारात थांबून बघतात. लक्ष वेधलं गेलं, हे मान्य करावंच लागेल. वॉचमनकाका येणाऱ्यांना सांगतात, काम चालू आहे. खराट्यांचं, असंही म्हणाले. मी ऐकलं नाही असं दाखवलं.
अहवाल लिहायला घेतला. अठरा पानं, दोन आलेख.

२३ फेब्रुवारी
खोड नखाने खरवडून पाहिलं. आत हिरवं. जिवंत आहेत. खात्री असावी म्हणून रोज नऊ ठिकाणी खरवडते. बाबांना विचारलं नाही. अनुभव हा काही पुरावा नव्हे.

२८ फेब्रुवारी
साहेबांनी अख्खा अहवाल वाचला. उत्तम मराठी आहे म्हणाले. मग दारात गेले. बराच वेळ आले नाहीत.
बाबांना बोलावणं गेलं. त्यांची निवृत्ती रद्द. झुडपं पूर्ववत होईपर्यंत तेच माळी. साहेबांनी विचारलं, किती दिवस लागतील? बाबा म्हणाले, दोन वर्षं तरी. पोरीने मनापासून कापलंय.
घरी येताना ते एकदाही कुरकुरले नाहीत. जिने चढताना मात्र कठडा धरला. मी म्हटलं, उद्या मदतीला येते. ते म्हणाले, ये की. फक्त मागच्या दाराने ये.

१ मार्च, पहाटे ५
बाबांच्या गुडघ्यांना तेल लावून दिलं. ते कामावर गेले.