खिडकीतलं झाड आणि त्याखालची खाट

चि. ठकूस,

आजीचे पोटभर आशीर्वाद. खोकला गेला का, धड जेवतेस का, ते आधी कळव. मी ठणठणीत आहे. गुडघे सोडले तर काही कुरकुरत नाही, आणि गुडघ्यांचं ऐकतंय कोण! पत्र अशासाठी, की फोनवर तुझी आई स्पीकर लावते आणि मग मला नुसतं ‘हो’ला ‘हो’ करावं लागतं.

तर तू ठेवून गेलेलं ते हिरव्या मण्यांच्या माळांचं झाड झकास आहे. माळा पार माझ्या उशीपर्यंत आल्यात. (परवा एक मणी औषधाची गोळी समजून तोंडात घालणार होते.) तू गेलीस त्याच आठवड्यात तुझ्या बाबाने ठरवलं की खिडकीशी त्याचं कामाचं टेबल लागेल आणि माझी खाट आतल्या खोलीत जाईल. तिथल्या खिडकीतून शेजाऱ्यांचे नळाचे पाइप दिसतात. मी म्हटलं, माझ्या गुडघ्यांना सकाळचं ऊन लागतं रे. तर म्हणाला, बघू. मग म्हटलं, झाडाला लागतं. तो तू झाडासोबत लिहून ठेवलेला निगेचा कागद घेऊन आला, ‘भरपूर उजेड, जागा सारखी बदलू नये’ हे मोठ्याने वाचलं, आणि अर्धी खिडकी अडवणारं कपाट त्याने आणि तुझ्या आईने मिळून सरकवलं! तीन वर्षं मी त्या कपाटाच्या नावाने बोंबलत होते.

तेव्हापासून मला काही होतच नाही, जे होतं ते झाडाला होतं. झाडाला पंख्याचा वारा सोसत नाही, बातम्यांचा आवाज सोसत नाही. (तुझ्या कागदात नव्हतं, पण उजेडाच्या ओळीखाली जागा होती, मी लिहून टाकलं.) तुझी आई पण रोज सकाळी येते, माळा हाताने चाचपते, ‘सुकलं नाही ना?’ विचारते, आणि जाता जाता माझंही कपाळ चाचपते. पण आता तिच्या डोक्यात आलंय की झाड स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगता येईल. रविवारी निकाल आहे.

तुझी,
आजी

ता. क. उगाच लपवत नाही. तुझं झाड पंधरा दिवसांत गेलं. मी त्याला मटकीसारखं भिजत ठेवलं, मणी फुगून फुटले. हे दुसरं आहे. दातांच्या डॉक्टरने तासभर बसवून ठेवलं, तेव्हा त्याच्या कुंडीतल्या दोन माळा चष्म्याच्या घरात घालून आणल्या, मातीवर पसरल्या, केसांच्या आकड्यांनी दाबल्या. मुळं धरली. आता मणी सुरकुतल्याशिवाय पाणी देत नाही.

ता. क. दुसरा. रविवारच्या आत बाबाला तुझ्या हाताने लिही, की हे झाड हलवलं तर मरतं, आणि त्याखालची खाटही हलवू नये. त्याला माणसाच्या श्वासाची सवय होते म्हणावं. तुझं लिहिलेलं तो मानतो.

ता. क. तिसरा. पाकीट टाकायला बाबाकडेच दिलं होतं. अर्ध्या तासाने परत आणलं, म्हणाला, नीट चिकटलं नव्हतं, उघडलं. आपलं टेबल ओढत आतल्या खोलीत नेलं, आणि दारातून विचारलं, “आई, झाडाला चार वाजता चहा लागतो का?”

लागतो म्हटलं. तेवढं तुझ्या पत्रात वाढव, साखर दोन चमचे.