कळंब्याच्या स्टुडिओतली धूळ

आये, परवा तुझ्या चित्रकार साहेबांच्या स्टुडिओत जाऊन आले आणि घरी येऊन दोनदा हात धुतले. कळंब्याचं ते घर आता लोकांना बघायला खुलं केलंय. तू जिथं वर्षानुवर्षं ओल्या फडक्यानं लादी पुसलीस, तिथं खिडकीत कबुतरांची घाण वाळून बसलीय. ईझलवर बोटभर धूळ, रंगांच्या पेटीत उंदराच्या लेंड्या. आणि त्या घाणीत उभा राहून साहेबांचा मुलगा माइकवर सांगत होता, "बाबांना धुळीचा कण चालायचा नाही. रोज पहाटे स्वतः लादी पुसायचे. ती त्यांची साधना होती." लोक माना डोलवत होते.

एक दिवस डोळ्यांसमोरून हलत नाही. मी कॉलेजात आहे, मावशी गेल्याचा निरोप घेऊन तुला न्यायला धावत आलेय. दारातच तू ओरडतेस, "चप्पल भाईर काढ! व्हार्निश वल्लं हाय, धूळ बसंल की!" खिडक्या बंद, पंखा बंद, तू घामानं निथळतेयस. झाडू तिथं तू कधी लावलाच नाहीस. धूळ उडते म्हणून गुडघ्यांवर बसून कोपरा न् कोपरा टिपून घ्यायचीस. मी तोंड उघडायच्या आत साहेब आले. चिमट्यात एक केस, ओल्या चित्रावरून उचललेला. तो तुझ्या तोंडासमोर धरून म्हणाले, "हा तुझा. उद्यापासून डोकं बांधून ये, नाहीतर येऊ नकोस." केस पांढरा होता. तुझं डोकं तेव्हा काळंभोर, पांढरी होती ती त्यांची दाढी. तू म्हणालीस, "चुकलं साहेब," आणि पदर आवळून घेतलास. मावशीच्या गावी जाताना गडहिंग्लजच्या एसटीत मी तुझ्याशी भांडले, तर म्हणालीस, "केस कुणाचा त्ये मला बी कळतंय. गप बस." मग खिडकीकडं तोंड करून मावशीसाठी रडलीस. मावशीसाठीच, असं मी तेव्हा धरून चालले.

परवा कार्यक्रम संपल्यावर तो मुलगा माझ्याजवळ आला. "बाबांची ओळख होती का तुमची?" तुझं नाव अगदी जिभेवर आलं होतं. पण शेजारी माझी सून उभी होती. मी म्हणाले, "नाही हो, सहज आलो. छान ठेवलंय सगळं." बाहेर आल्यावर त्याची नाही, माझीच किळस आली.

हे पत्र कुठं पोचायचं नाही, म्हणूनच लिहवतंय. आये, सुनेला मी सांगितलंय की तू शाळेत शिक्षिका होतीस.