तुमच्या वाफ्यातला वाल

अहो,

आज तुमच्याशी भांडायचंय, म्हणून लिहायला बसले. तुम्ही तर गेलात; पाण्याच्या टाकीमागच्या सामायिक बागेतला तुमचा वाफा आता कुणाला द्यायचा, असं शेजारच्या रमिलाबेन विचारायला आल्या. म्हटलं, आधी बघते तरी.

तारापूरच्या कारखान्यातून सुटायचा एक रविवार, तोही तुम्ही त्या बागेला द्यायचात! "तिथे पगार मिळतो का हो?" मी विचारायचे. तुम्ही नुसते हसायचात. पेरायचात वाल आणि घरी आणायचात वांगी. मला वाटायचं, पीक येत नाही, म्हणून बाजारातून आणता. किती चिडवलं मी! एकदा तरी सांगायचंत!

आज कळलं. वाल शेंगांनी लगडलाय. मी पदर खोचून वाकले, तर पलीकडच्या वाफ्यातून पाड्यावरची कमळी ओरडली, "ओ बाय, आपल्या वाफ्यातलं आपण नाय तोडायचं! दुसऱ्याच्यातलं तोडायचं."

"हा कसला नियम?"

"काय म्हाईत! नवऱ्याला इचारायचं होतंस ना!"

रमिलाबेन म्हणाल्या, "वाफा कमळीच्या बहिणीला देऊन टाका नी. पछी ही वालाची पापडी तुम्हाला तोडता येईल."

पेचच की! वाफा सोडला, तर तुमच्या हातचा वाल माझ्या ताटात. ठेवला, तर त्याला हात लावायचा नाही. हा नियम काढला तरी कुणी? आपलं तोडताना माणूस कंजूष होतो म्हणून? की दुसऱ्याच्या वाफ्यात शिरलं की दोन शब्द बोलावेच लागतात म्हणून? घरात गप्प असणारे तुम्ही तिथे म्हणे फार बोलायचात. काय बोलायचात हो?

शेंगा एका जेवणात संपल्या असत्या. वाफा मी ठेवला.

कमळीने माझ्यासमोर टोपली भरली. पाहवत नव्हतं, तरी उभी राहिले. "कोवळ्या हायत," ती म्हणाली. "तो सांगायचा, बायकोला वाल लय आवडतो."

मग जे मला कधी आणून देता येणार नव्हतं, तेच दरवर्षी का पेरायचात?

रविवारी मी बागेत जाईन. एकेकाच्या वाफ्यात शिरून विचारीन. कुणाला तरी सांगितलंच असेल तुम्ही. नसेल, तर वाल पेरून बघीन, मलाच कळतंय का.

तुमचीच,
सुमन