‘पाणी आलं’, आवृत्ती १.१

सोमवार, ७ एप्रिल २०२५. संध्या. ७.
ठाण्याजवळच्या दिव्यातल्या आमच्या सोसायटीत पाणी अर्धा तास येतं. कधी, ते फक्त वॉचमन सखारामला ठाऊक. तो शिट्टी वाजवतो. या काळात शिट्टी! आज कमिटीने माझं ॲप मंजूर केलं. सखारामने बटण दाबायचं, सगळ्यांचे फोन वाजणार. शिट्टी जमा करून घेतली. रविवारी लेकीचा, अंतराचा पहिला वाढदिवस, तीस माणसं. बायकोला, हेमांगीला म्हटलं, पाण्याची काळजी सोड. ती म्हणाली, नक्की ना? बायकांचा टेक्नॉलॉजीवर विश्वास कमीच.

मंगळवार, ८.
पहाटे साडेपाचला सगळे फोन वाजले. यशस्वी. नऊला पुन्हा वाजला, फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या त्र्यंबककाकांचा. ते बादली घेऊन मोरीत, नळ कोरडा. काकांचंच काहीतरी चुकलं असणार.

बुधवार, ९.
काकांचा चार वेळा. अक्षरं मोठी दिसावीत म्हणून ते फोन आडवा करतात. आडवा केला की स्क्रीन नव्याने तयार होते. तिच्यामागे बातमी धरून ठेवणारा व्ह्यू मॉडेल मात्र जुनाच राहतो. नवी स्क्रीन त्यातली माहिती, म्हणजे लाइव्ह डेटा, बघायला लागली की तो तिला शेवटची बातमी पुन्हा देतो: पाणी आलं. म्हणजे ॲप बरोबर आहे, फोन आडवा धरणं चूक. लिफ्टमध्ये तशी नोटीस लावली.

गुरुवार, १०.
नोटीस कोणीतरी आडवी लावली.

शुक्रवार, ११.
शेवटी मीच मोठेपणा दाखवला. बातमी एकदा दिली की ‘सांगून झालं’ अशी खूण. वर ती फोनमध्ये पक्की साठवली. सात मिनिटांचं काम. टेस्ट कशाला?

शनिवार, १२.
एकदाच वाजला. काकांनी फोन चारी बाजूंनी फिरवून पाहिला. फोन गप्प. माझी पाठ थोपटली. हेमांगीने माझ्या सांगण्यावरून पाण्यासाठी लावलेला पहाटेचा गजर काढला.

रविवार, १३. सकाळी ८.
फोन शांत. पाणी आज उशिरा येणार बहुतेक.

९.१०
पाणी सहाला येऊन साडेसहाला गेलं. सखारामने बटण अकरा वेळा दाबलं म्हणे. कालची खूण पुसायची राहिली. फोनच्या मते सगळं सांगून झालेलं.
हेमांगी रिकाम्या पिंपात बघत राहिली. मला लाज वाटली.

सोमवार, १४. सकाळी ७.
काल सखारामने दिवा गावातल्या त्याच्या घरून टेम्पोने भरलेली दोन पिंपं आणली, म्हणून वाढदिवस पार पडला. शिट्टी मी स्वतः नेऊन दिली. तात्पुरती.
आज ती सहाला वाजली. मी हेडफोन लावून १.२ लिहीत होतो, ऐकू आली नाही. सखाराम वर येऊन दार वाजवून सांगून गेला. म्हणाला, वहिनींनी सांगितलंय, साहेबांना वेगळं सांगत जा.