बोट उचलल्यावर

मेहकर,
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय दादा,

नमस्कार. तुझा पत्ता तुझ्या दोस्ताने, शिवमदादाने दिला. त्याच्यावर रागावू नकोस. मी त्याच्या दुकानासमोर ठाण मांडून बसले तेव्हा कुठे त्याने तो लिहून दिला. फोन लावला नाही, कारण मेहकरचा नंबर दिसला की तू उचलत नाहीस, हे आता आईनेही मान्य केलं आहे.

इकडे सगळं ठीक. थंडी पडायला लागली आहे. बीबी गावची जनकाआत्या दिवाळीला येऊन गेली. तिने आईला गुडघ्यांसाठी कसलं तरी तेल दिलं, त्या वासाने घरात बसवत नाही. शेजारच्या रुक्मिणीबाईंनी घरातच छोटी पिठाची गिरणी टाकली आहे, त्यामुळे आपली मधली भिंत दिवसभर घुर्र करत असते. बाबाही बरे आहेत.

मी आता पुण्याचं काम सोडून इथेच आले. एका खासगी संस्थेत मल्टिमीडियाच्या मुलांना ध्वनीचे तास घेते. तुला हसू येईल, पण पहिल्या तासाला मी कुणालाच बोलू देत नाही. रेकॉर्डर सुरू करते आणि रिकाम्या वर्गाचा आवाज घ्यायला लावते. मुलं म्हणतात, "मॅडम, काहीच तर नाही आलं यात." मग हेडफोन लावून ऐकवते. पंखा असतो, ट्यूबलाइटची गुणगुण असते, आणि लांबून स्टँडवर गाडी मागे घेताना वाजणारी कंडक्टरची शिट्टी. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते. दोन वाक्यांच्या मधे नुसती कोरी जागा सोडली तर ऐकणाऱ्याला वाटतं मशीन बंद पडलं. तिथे त्याच खोलीची शांतता भरावी लागते. मुलांना हे पटायला वेळ लागतो. मलाही लागला होता.

बाबा बरे आहेत एवढंच लिहून पुढे जाणार होते, पण जमत नाही.

त्यांचा आवाज उन्हाळ्यापासूनच बसला होता. आधी वाटलं सर्दी, मग वाटलं तंबाखूचा खर्रा. खर्रा सोडा म्हणून आई मागे लागली तर म्हणाले, "नोकरीत एवढी वर्षं बोंबललो, आता घशानं पेन्शन घेतली असंन." अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि स्वरयंत्र काढावं लागेल असं सांगितलं. गाठ तिथेच आहे, वेळेत काढली तर माणूस वाचेल, पण बोलता येणार नाही. परतीच्या गाडीत बाबा खिडकीजवळ बसले आणि प्रत्येक थांब्याचं नाव पुटपुटत राहिले. आई म्हणाली, "अवो, घशाले आराम द्या थोडा." तर म्हणाले, "आरामच आहे की पुढं."

तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. संस्थेत आम्ही लहान मुलांसाठी बोलकी पाठ्यपुस्तकं करतो, चित्रावर बोट ठेवलं की आवाज येतो. तसंच बाबांसाठी करायचं. टॅबवर मोठी मोठी बटणं, प्रत्येकात त्यांच्याच आवाजातलं एक वाक्य. ऑपरेशनच्या आधी सगळं रेकॉर्ड करून ठेवायचं.

बाबांना कल्पना आवडली. तू त्यांना ओळखतोस, एसटी स्टँडवर जन्मभर गाड्यांच्या घोषणा केलेला माणूस, माइक म्हटलं की त्यांच्या अंगात येतं. मी मधल्या खोलीच्या खिडकीला गोधड्या लावल्या, पंखा बंद केला, फ्रिजचा प्लग काढला, रुक्मिणीबाईंना गिरणी थांबवायला सांगितलं. त्या भिंतीपलीकडून ओरडल्या, "कायचं शूटिंग हाय वं रेवती? मी येऊ काय लुगडं बदलून?" बाबा इतके हसले की खोकल्याची उबळ आली आणि पहिला दिवस तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी बसलो. मी त्यांना मुलांना सांगते तेच सांगितलं. तोंड माइकच्या थेट समोर नको, थोडं बाजूला, नाही तर 'प' आणि 'भ' चा झोत फटकन माइकवर आदळतो. फार जवळ येऊ नका, आवाज घुमतो. आणि घरात बोलता तसं बोला.

"पाणी दे म्हणा बाबा."

त्यांनी घसा साफ केला, मान ताठ केली आणि म्हणाले, "कृपया लक्ष द्या. पाणी देण्यात यावे. पाणी देण्यात यावे."

आई पदर तोंडावर धरून बाहेर पळाली. बाबांना मात्र कळेचना, आपलं चुकलं काय. माइकसमोर दुसरं कसं बोलायचं हे त्यांना माहीतच नव्हतं. चहा, औषध, टीव्ही, सगळ्याच्या घोषणा झाल्या. आईला हाक मारायचं बटण हवं होतं. मी म्हटलं, नाव घ्या. ते लाजले. "इतक्या वर्षांत कधी घेतलं काय? 'अवं' टाक. त्याले ओ देते ते." तेवढं एक 'अवं' मात्र घरच्या आवाजात आलं.

माझं लक्ष तेव्हा त्यांच्या हाताकडे गेलं. बोलताना त्यांचा उजवा अंगठा टेबलावर दाबलेला असायचा. वाक्य संपलं की अंगठा वर. पुन्हा बोलायचं की खाली. स्टँडवरच्या माइकला तसं बटण होतं ना. दाबलं की आवाज बाहेर जातो, सोडलं की बंद. माझ्या माइकला तसं काही नाही, तो सुरूच असतो. पण बाबांच्या हिशेबी अंगठा वर म्हणजे माइक बंद. त्यामुळे अंगठा वर असताना ते मोकळेपणी खोकायचे, देवाचं नाव घ्यायचे, स्वतःशीच म्हणायचे, "जमून नाई राह्यलं." मी काही सांगितलं नाही. त्यांचा खरा आवाज मला तिथेच मिळत होता.

दादा, आता जे लिहिते ते नीट वाच.

तू गेलास त्या दिवशी मी स्टँडवर बाबांच्या केबिनमध्ये होते. शाळेतून येऊन मी तिथे अभ्यास करत बसायचे, आठवतं? कॉलेज सोडून तू पुण्याच्या गाडीत बसलास ही बातमी बाहेरच्या चहावाल्या दयारामकाकांनी आणली. बाबा उठून गाडीपर्यंत गेले नाहीत. त्यांनी माइक घेतला. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. पुणे गाडीत बसलेले धवल रमाकांत कस्तुरे यांनी ताबडतोब नियंत्रण कक्षात यावे." हरवलेल्या पोराला बोलवावं तसं, आणि तेही पुन्हा पुन्हा. सगळा स्टँड हसला. कुणीतरी ओरडलं, "कोन हाय बे तो नवरदेव? उतर ना खाली!" त्यानंतर तू या घरी पाऊल टाकलं नाहीस. "बाबांनी चारचौघांत माझी इज्जत काढली, तीही सरकारी कर्ण्यावरून, न चिडता, न अडखळता," असं तू शिवमदादाला म्हणालास. त्याने मला परवा ते सांगितलं, आणि म्हणून हे पत्र.

तू बाहेर होतास. तू फक्त कर्णा ऐकलास.

आत काय होतं ते मी ऐकलं. "प्रवाशांनी लक्ष द्यावे." मग अंगठा वर, आणि बाबा टेबलावर वाकून हुंदका गिळतायत. अंगठा खाली, "पुणे गाडीत बसलेले." अंगठा वर, दुसऱ्या हाताने डोळे पुसतायत. प्रत्येक वेळी बटण दाबण्याआधी ते आवाज सरळ करून घ्यायचे. त्यांना बोलवायची ती एकच रीत येत होती. आयुष्यभर त्यांनी लोकांना तसंच बोलावलं आणि लोक आले होते. तुला मधे नुसते खंड ऐकू आले असतील, गाड्यांच्या आवाजात तेही नसतील आले. मी तेव्हा शाळकरी पोर होते. मला वाटलं, मी ऐकतेय तेच सगळ्या स्टँडने ऐकलं. त्यामुळे तुला सांगण्यासारखं काही आहे हे मला कधी सुचलंच नाही.

दयारामकाकांनी विचारलं होतं, "साहेब, गाडी थांबवू काय?" गाडी सुटायला कागदावर सही बाबांचीच लागत होती. त्यांच्या मनात असतं तर गाडी हलली नसती. ते म्हणाले, "नको. टाइम झाला तिचा. लोकाईचा खोळंबा काऊन?" आणि सही करून दिली.

तर रेकॉर्डिंग. शेवटी नावांची बटणं राहिली. 'रेवती' झालं. आत्याचं झालं. मी माझ्या मनाने एक बटण तयार ठेवलं होतं, त्यावर काही लिहिलं नव्हतं. बाबांनी बघितलं, विचारलं नाही. मग अंगठा दाबला.

"धवल रमाकांत कस्तुरे."

अगदी तसंच. तीच पट्टी, तोच सूर. आई दारात उभी होती. बाबांनी अंगठा उचलला. आणि मग, माइक बंद आहे असं समजून, घरच्या आवाजात, जेवायला हाक मारावी तसे म्हणाले, "ये ना रे बाप्पा. किती उशीर लावतं."

मी हेडफोन लावून बसले होते. मान वर केली नाही.

नंतर संपादनाला बसले. नियम असा की वाक्य ठेवायचं आणि मागचं-पुढचं कापायचं. वाक्याआधीचा श्वास मी नेहमी राहू देते, तो काढला तर माणूस यंत्रासारखा वाटतो. पण वाक्यानंतरचं टाकाऊ असतं. बाबांच्या बटणात मी फक्त नाव ठेवलं. पुढचं बाबा कुणासाठी बोलले नव्हते, ते त्यांच्या टॅबवर वाजवायचा मला हक्क नव्हता. पण कापून फेकताही आलं नाही. या पाकिटात छोटं मेमरी कार्ड आहे, ते फोनमध्ये घालून ऐक. मी काही स्वच्छ केलेलं नाही. मागे घड्याळ आहे, आईच्या बांगड्या आहेत, आणि शेवटी रुक्मिणीबाईंची गिरणी सुरू होते. ती आपल्या मधल्या खोलीची शांतता आहे, तुला ओळखू येईल.

मी तेव्हाच तुला कळवायला हवं होतं असं तू म्हणशील. मी फोन हातात घेतला होता. बाबांनी अडवलं. म्हणाले, "राहू दे. एकडाव बोलावलं सगळ्या गावासमोर. आता नाई बोलावत मी त्याले. त्याले वाटंन तवा येईन." मी त्यांचा शब्द मोडला नाही. हे पत्रही तुला बोलवायला लिहिलेलं नाही. दोन्ही बाजूंचा आवाज ऐकलेली घरात मी एकटीच आहे, म्हणून लिहिते आहे.

ऑपरेशन झालं, दादा. दसऱ्यानंतर. गाठ निघाली, डॉक्टर समाधानी आहेत. गळ्याला छिद्र आहे, त्यातून श्वास घेतात, त्यावर आई पातळ रुमाल बांधते. अन्न हळूहळू घ्यायला लागले आहेत. टॅब त्यांना चांगला जमतो. "पाणी देण्यात यावे" वाजलं की आई अजूनही हसते, आणि हसता हसता पाणी आणते. 'अवं' तर दिवसभर चालू असतं. काम नसतानाही.

तुझं बटण ते संध्याकाळी दाबतात. बाहेरच्या पायरीवर बसून, गाड्यांचा आवाज यायला लागला की. नाव वाजतं, रस्त्यावरची माणसं एकदा वळून बघतात. मग बाबा अंगठा उचलतात आणि त्यांचे ओठ हलतात. मी शेजारीच असते, कान लावून. आयुष्यभर बाबा जे बटण सोडून बोलले, ते आजही तसंच बोलतात.

आता बोट उचलल्यावर खरंच काही ऐकू येत नाही.

त्यांच्या शेजारी बसलेली,
तुझी
रेवती