बेटावरच्या बिरोबाला पत्रिका

सोलापूर,
गुरुवार

आमचे एकुलते एक मेहुणे श्री. शिवराजराव यांस, सयाजीचा दोन्ही हात जोडून (खरचटल्यामुळे नीट जुळत नाहीत) नमस्कार. इकडे तुमची ताई वच्छला आणि भाची आरोही खुशाल आहेत. करमाळ्यात तुमचा रक्तदाब कसा आहे? आरोहीच्या लग्नाची पत्रिका पाहून तो चढल्याचं कळलं. फोन उचलत नाही, व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंत, म्हणून शेवटी कागद घेतला.

पत्रिकेत बहात्तर नावं, आणि सख्ख्या मामाचं नाही! कुणालाही राग येईल. छापखान्याची चूक, दुसरं काय! पण तुम्ही निरोप धाडलात, "आधी बेटावरच्या बिरोबाला पत्रिका ठिवा, मग माज्याशी बोला." तुम्हाला वाटलं, दाजी घरचा जिना चढताना दोनदा बसतात, ते कुठले जातायत. पाव्हणं, मी गेलो.

तुमचं जुनं गाव उजनीच्या पाण्यात गेलं, माणसं वर सरकली आणि देव तेवढा टेकडीसकट पाण्यातच राहिला, हे वच्छलेनं लग्न झाल्यापासून ऐकवलंय. ती टेकडी एवढी उभी आहे हे मात्र तुम्हा बहीणभावांपैकी कुणीच बोललं नाही. ज्ञानू कोळ्यानं होडीतून मला काठावर उतरवलं आणि "मी हितंच हाय, तुमी या निवांत" म्हणून तोंडावर टॉवेल टाकून झोपला. बेटावर माणूस नाही, वाट नाही. वेड्या बाभळी मात्र अशा माजल्यात की विचारू नका. त्यात मी लग्नासाठी घेतलेले नवे बूट घातलेले (पायात बसावेत म्हणून, वच्छलेची आयडिया). पहिल्या शंभर पावलांत टाचा गेल्या, पुढच्या शंभरात पँटची मागची बाजू गेली. वर पाणकावळ्यांची वस्ती. त्यांनी माझ्या डोक्यावर काय केलं ते तुम्ही मोठे आहात, समजून घ्या. आलं शिखर म्हणून हुश्श करावं तर मागे आणखी एक उंचवटा! शेवटचा टप्पा मी चारी पायांवर केला.

माथ्यावर पोचलो आणि मोबाईलला रेंज आली. मला वाटलं, वच्छला रडेल. ती म्हणाली, "पोचलाव? बरं झालं. उतरा की मग, मंडपवाला आलाय." शेंदराच्या दगडापुढे बसून मी लई वेळ धापा टाकल्या. मग पत्रिका ठेवली, नारळ फोडला, आणि देवाला सहकुटुंब यायचं आमंत्रण दिलं. येताना घसरत आल्यामुळे वेळ वाचला. तेव्हा आता तुमची अट पूर्ण झालेली आहे, राग सोडावा ही विनंती.

आपला (सध्या पालथा झोपून लिहीत असलेला)
सयाजी

ता. क. छापखान्याला शिव्या देऊ नका. चूक त्यांची नाही. जागा संपली होती आणि एका माजी उपसरपंचाचं नाव घुसवायचं होतं. कुणाचं काढावं? पाहुण्यांचं काढलं तर रुसतील. शिवराजराव घरचे आहेत, चालवून घेतील, असं म्हणून मीच पेन फिरवलं. माजी उपसरपंच येणार नाहीत म्हणे, त्यांना दुसरं लग्न आहे.

ता. क. २. मंगळवारी हळद आहे. आरोही म्हणते, मामा मागे उभा नसेल तर मी पाटावर चढणार नाही. पोरगी तुमच्या वळणावर गेलीय. मी आणखी दहा बेटं चढेन, पण तिला समजावणं मला जमणार नाही.

ता. क. ३. खात्री करायला टेकडी चढू नकोस. पत्रिका वर नाही, ती होडीतच राहिली होती. परत खाली जाऊन यायची माझ्यात ताकद नव्हती, म्हणून देवाला तोंडीच आमंत्रण दिलं. बहात्तरातलं एकही नाव आठवेना. "आरोहीचा मामा शिवराज," एवढंच तोंडातून आलं, आणि मग मी तिथंच बसून रडलो. ये रे बाबा.